ललित लेखनात एआय : तुम्ही नेमकं कुठल्या टप्प्यावर वापरता?

पिंपळपान (धागाकर्ती)

कोथरूडला आमचा एक लेखनकट्टा आहे. रविवारी सकाळी जमायचं, लिहिलेलं वाचून दाखवायचं, बाकीच्यांनी मोकळेपणी बोलायचं. गेल्या वर्षभरात कट्ट्यावर येणाऱ्या कथांचा पोतच बदललाय. शुद्धलेखन सुधारलं, परिच्छेद आखीव झाले, शेवट वेळेवर येतात. आणि वाचन संपलं की कुणाला काही बोलावंसंच वाटत नाही. विचारलं तर कुणी लपवत नाही. "हो, थोडं एआयकडून घेतलं," असं सरळ सांगतात. पण एकाचं थोडं म्हणजे दोन प्रतिशब्द आणि दुसऱ्याचं थोडं म्हणजे कथेचा अख्खा मधला भाग.

वापरावं की नाही यावर इथे आधी भरपूर खल झालाय, तो पुन्हा नको. कथा, कविता, एकांकिका, मालिका, अनुवाद करणारे प्रत्यक्षात ते कुठे वापरतात, कुठे मुद्दाम लांब ठेवतात आणि कशामुळे, एवढं मनापासून सांगा. आधी माझं सांगते.

सध्या मी पानशेतच्या पुरावर दीर्घकथा लिहितेय. १२ जुलै १९६१, नारायण पेठेतला एक वाडा, सकाळ ते रात्र. तयारी करताना एआयला सांगितलं, "या कथेसाठी मला काय काय शोधावं लागेल ते फक्त प्रश्नांच्या रूपात विचार." त्याचे प्रश्न चांगले होते. पूर ओसरल्यावर विहिरीचं पाणी पिता येत होतं का? भिजलेल्या धान्याचं लोकांनी काय केलं? वीज गेल्यावर बातमी कळायला मार्ग कुठला? त्या विहिरीच्या प्रश्नातून मला कथेतलं एक पात्रच मिळालं.

मग त्यालाच वर्णन लिहायला सांगितलं, तर वाड्यातली मंडळी टीव्हीवर पुराची बातमी बघायला लागली! मुंबईत दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, पुण्यात त्यानंतर. १९६१ साली घरात फार तर रेडिओ. पुण्याचं आकाशवाणी केंद्र १९५३ पासून होतं. पैशांचंही तसंच. एप्रिल १९५७ मध्ये दशमान नाणी आली, त्यामुळे त्या काळात हातात नये पैसे आणि तोंडात आणे असा व्यवहार चालायचा. एआय एका परिच्छेदात सगळे आणे लिहितो, पुढच्यात सगळे पैसे. शिवाय त्याने एका वर्तमानपत्रातल्या लेखाचा तारखेसकट हवाला दिला होता. जुन्या फायली उघडून पाहिल्या, त्या तारखेला तसा लेखच नाही. त्यामुळे माहिती म्हणून त्याचं एकही वाक्य पडताळल्याशिवाय मी घेत नाही.

आता संवाद. पाणी ओट्याला लागलंय, आजी जिन्याच्या तोंडाशी उभ्या आहेत. मी लिहिलं होतं :

"सुमे, ट्रंक राहू दे. पोर घे नि वर चढ. देव? देवांचं देव बघतील गं, तू चढ आधी!"

"भाषा प्रवाही कर" असं सांगितल्यावर हे आलं :

"सुमन, सामानाची काळजी करू नकोस. बाळाला घेऊन लगेच सुरक्षित ठिकाणी जा. देव आपलं रक्षण करेल."

व्याकरणात खोट काढायला जागा नाही. पण पहिल्या आजी जन्मभर केलेली पूजा पाण्यात सोडून वर चढतायत आणि दुसऱ्या आजी सूचनाफलक वाचून दाखवतायत. माझ्या दृष्टीने खरी गोष्ट पुढेच आहे. आजी देव सोडतील हे मला आधी ठाऊक नव्हतं. ते वाक्य हाताखालून गेलं तेव्हा कळलं आणि तिथून कथा वळली. पहिला खर्डा एआयने केला असता तर देव देव्हाऱ्यातच राहिले असते आणि मी ते शुद्धलेखन तपासून पुढे गेले असते.

म्हणून पहिला खर्डा संपेपर्यंत मी ते उघडत नाही. नंतर उघडते, पूर्ण कथा देते आणि विचारते : कुठलं पात्र कुठल्या वेळी कुठे आहे, कुणाला काय ठाऊक आहे, वाचताना कुठे अडखळायला होतं. दुरुस्ती सुचवू नकोस असं बजावून सांगते, नाहीतर लगेच पॉलिश करायला घेतो.

---

दुसरी घंटा

ताई, आजींचा संवाद वाचून काटा आला अंगावर.

मी कॉलेजच्या एकांकिका लिहितो. पुरुषोत्तम करंडक स्पर्धेच्या तोंडावर वेळ अजिबात नसतो, म्हणून ग्रुपमधल्या एकाने एक प्रवेश एआयकडून लिहून आणला. वाचायला मस्त होता. तालमीत उभा केला तर कुणाच्याच तोंडात बसेना. तिसऱ्या तालमीला लक्षात आलं, त्या प्रवेशात प्रत्येक जण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत होता. कुणी कुणाचं बोलणं तोडत नव्हतं, कुणी विषय टाळत नव्हतं. बाप विचारतो, "कुठे होतास रात्रभर?" आणि पोरगा सांगतो कुठे होता ते! आमच्या घरी पोरगा विचारतो, "आई कुठंय?" आणि प्रवेश तिथून पेटतो.

उपयोग होतो तो उलटतपासणीला. मी एआयला हवालदार करतो आणि माझं पात्र होऊन त्याच्या प्रश्नांना उत्तरं देतो. तो कंटाळत नाही, फिरून फिरून तेच विचारतो. उत्तर देताना माझं पात्र कुठे खोटं बोलतंय ते मलाच सापडतं. यातलं एक अक्षर संहितेत जात नाही.

जाता जाता : जपानच्या रिए कुदान यांना जानेवारी २०२४ मध्ये अकुतागावा पारितोषिक मिळालं तेव्हा त्यांनी उघडपणे सांगितलं की कादंबरीतला साधारण पाच टक्के मजकूर एआयचा आहे. पुढे खुलासाही केला, की कादंबरीत एआय जिथे उत्तरं देतो ती ठिकाणं ती. एआय हे पात्रच असेल तर त्याचे संवाद त्याच्याकडून घेणं मला पटतं.

---

हिंजवडीकर

दुसरी घंटा, तुझं निरीक्षण एकदम नेमकं आहे, त्यामागचं कारण सांगतो. ही एआय मॉडेल्स आधी प्रचंड मजकुरावरून "पुढे काय येण्याची शक्यता जास्त" हे शिकतात. नंतर माणसांच्या पसंतीनुसार त्यांना वळण लावतात : विचारलेल्याचं पूर्ण उत्तर द्यावं, सौम्य बोलावं, मदत करावी. ते वळण पात्रांच्या तोंडातही उतरतं. म्हणून त्यांच्या नाटकातला गुंडसुद्धा सविस्तर बोलतो.

मराठीत अजून एक अडचण, मजकूर कमी. आपल्या पुण्यातल्याच एल३क्यूब गटाने २०२२ मध्ये मराठीचा मोठा संग्रह खुला केला, त्यात सुमारे २.४८ कोटी वाक्यं आणि २८.९ कोटी टोकन, म्हणजे मजकुराचे छोटे तुकडे. फार मोलाचं काम आहे ते. पण फेसबुकवाल्या मेटाचं लामा ३ हे मॉडेल २०२४ मध्ये आलं ते १५ लाख कोटींहून जास्त टोकनवर शिकून, आणि त्यातला बहुतांश मजकूर इंग्रजी. त्यात आंतरजालावरची मराठी म्हणजे मुख्यतः बातम्या, विकिपीडिया, सरकारी पानं. नारायण पेठेतल्या आजी जिन्यात काय बोलतात हे तिथे कुणी टाकलेलंच नाही, मग मॉडेलला कुठून कळणार?

मी विज्ञानकथा लिहितो. कथा अर्ध्यावर आली की एआयकडून दहा शेवट मागतो आणि दहाही बाद करतो. कुणालाही सुचेल ते काय, हे त्यातून समोर येतं. मग अकरावा माझा.

---

पिंपळपान

हिंजवडीकर, कारण नीट समजलं, आभार. पण दहा शेवटांचं मला नाही पटत. दहा वाचल्यावर अकरावा त्या दहांना चुकवत चुकवतच सुचणार. तुमच्या पात्राला काय हवंय, हा विचार त्यात मागे पडतो. शेवट सुचत नसेल तर महिनाभर कथा पडू द्यावी, या मताची मी आहे.

---

हिंजवडीकर

महिनाभर पडू देणं मान्य. पण ताई, माझं पात्र अनेकदा त्या दहांतल्याच एखाद्या शेवटाकडे निघालेलं असतं, आणि यादी समोर आल्याशिवाय ते माझ्या लक्षात येत नाही. मी वापरत राहणार.

---

लघुगुरू

वृत्तात लिहिणाऱ्यांसाठी. एआयला भुजंगप्रयातात चार ओळी मागितल्या. त्याने दिल्या आणि वर खात्रीही दिली की वृत्त अचूक आहे. भुजंगप्रयात म्हणजे चार य-गण, लगागा लगागा लगागा लगागा (ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू), बारा अक्षरं. मनाचे श्लोक ज्याच्या कानात आहेत त्याला मोजावंही लागत नाही. मिळालेल्या ओळींत एकीत तेरा अक्षरं, दुसरीत पहिलंच अक्षर गुरू. चूक दाखवली की माफी मागतो आणि नवी चूक करतो. हिंजवडीकर, हे का होतं?

---

हिंजवडीकर

त्याला अक्षरं दिसतच नाहीत. मजकुराचे टोकन नावाचे तुकडे पाडले जातात, ते वारंवारतेवरून ठरतात. आपल्या अक्षराशी किंवा मात्रेशी त्यांचा मेळ नसतो. त्यातून देवनागरीचं प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, रोमनला एक. म्हणून मराठी शब्दाचे तुकडे जास्त आणि वेडेवाकडे पडतात. नव्या मॉडेल्समध्ये बरीच सुधारणा आहे, पण वृत्त तपासायला कानच बरा.

---

गाववेस

मी मूळचा वाशीमकडचा, आता धनकवडीत. माझ्या कथेतली माणसं वऱ्हाडी बोलतात. एआयला वऱ्हाडीत संवाद मागितला तर हे मिळालं : "म्या जातुया बगा, काऊन इचारतोस लेका?" यातलं "काऊन" आमचं. "जातुया बगा" थेट पश्चिम महाराष्ट्रातलं. "म्या" तर कुठल्याही सिनेमातल्या कुठल्याही खेड्यातलं. आमच्याकडे म्हणतील, "मी चाललो ना बावा, तू काऊन इचारून राह्यला?" शहराबाहेरच्या सगळ्या मराठीचं त्याने एकच गाठोडं बांधलंय. मालवणी, अहिराणी मागून बघा, तिथेही असंच काहीतरी हाती येईल.

याचा मला मनापासून त्रास होतो. उद्याच्या पोरांनी वऱ्हाडी यातूनच वाचली तर ती हीच खरी मानतील.

मी गावी गेलो की आईचं, काकांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करतो. ते उतरवून घ्यायला एआय लावून पाहिला. वेळ वाचतो, पण "जाऊन राह्यलो" म्हटलेलं तो "जात आहे" असं लिहितो. म्हणून उतरवलेलं समोर ठेवून मूळ आवाज ऐकत ओळ न् ओळ पुन्हा दुरुस्त करतो. त्यातून एक फायदा मात्र झाला. तो जिथे जिथे "सुधारतो" तिथे तिथे आमची भाषा वेगळी आहे हे कळतं. त्या जागांची मी वेगळी वही केलीय.

---

चौथी भिंत

मी रोजच्या मालिकेसाठी पटकथा लिहितो. राहतो पुण्यात, काम मुंबईचं. आमच्याकडे कथा, पटकथा आणि संवाद यांचे लेखक बहुतेकदा वेगळे असतात आणि एपिसोड रोज हवा असतो. चारशे भाग झाले की कुठलं गुपित कुणाला कळलंय, मंगळसूत्र कुठल्या कपाटात आहे, कुणाच्या हाताला प्लास्टर आहे, हे डोक्यात ठेवणं अशक्य. जुन्या भागांच्या संहिता देऊन ही नोंद एआयकडून काढून घेतो. यात तो खरोखर कामाचा आहे, रात्रीचे कित्येक तास वाचतात. त्या वाचलेल्या तासांत मी प्रवेश दोनदा लिहू शकतो, जे आधी कधीच जमत नव्हतं.

काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. एका निर्मात्याकडून वनलाइन (प्रवेशांचा थोडक्यात आराखडा) आली, स्पष्ट एआयची, आणि सोबत निरोप : "फक्त जरा मराठी करून द्या, अर्ध्या मानधनात." अमेरिकेतल्या पटकथालेखकांनी २ मे ते २७ सप्टेंबर २०२३ असा १४८ दिवसांचा संप केला, तो मानधनासाठी होता तसाच यासाठीही होता. त्यांनी करारात लिहून घेतलं की एआयचा मजकूर हे लेखकाचं साहित्य धरलं जाणार नाही, लेखकाला तो वापरायची सक्ती करता येणार नाही, आणि कंपनीने एआयचा मजकूर हातात दिला तर तसं सांगावं लागेल. वापरायचा की नाही हे लेखकाने कंपनीच्या संमतीने ठरवायचं. आपल्याकडच्या लेखकांनी एकत्र बसून निदान एवढं तरी करारात मागायला हवं. एकट्यादुकट्याने मागितलं तर पुढचं काम जातं.

---

अनुवादवाट

चौथी भिंत यांच्या शब्दाशब्दाला अनुमोदन. अनुवादात हे आधीच झालंय. एका प्रकाशकाने यंत्राने केलेला अख्खा कादंबरीचा अनुवाद पाठवला आणि "नुसता तपासा" म्हणून निम्मा दर सांगितला. तपासायला मूळ अनुवादाहून जास्त वेळ लागला असता, कारण प्रत्येक वाक्य बरोबर होतं आणि एकही वाक्य त्या लेखिकेचं नव्हतं. मी काम परत पाठवलं. दुसऱ्या कुणीतरी ते केलं असणार, तिचाही नाइलाज असेल, तिला दोष नाही देणार.

---

अंकवाला

आमच्याकडे दिवाळी अंकाची तयारी चालू आहे. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा, आणि नव्या लेखकाला पहिली जागा अजूनही बऱ्याचदा इथेच मिळते. म्हणून हा प्रश्न मला जिव्हाळ्याचा आहे. यंदा टपाल आणि मेल मिळून इतक्या कथा आल्या की सगळ्या वाचून होणं कठीण. क्लार्क्सवर्ल्ड या अमेरिकन विज्ञानकथा मासिकाने २० फेब्रुवारी २०२३ ला कथा स्वीकारणंच थांबवलं होतं, एआयच्या कथांचा पूर आला म्हणून. ते पुन्हा सुरू झाले. आमच्यासारख्या दोन-तीन माणसांच्या संपादक मंडळाला तेवढी ताकद नाही.

एआय ओळखणारी साधनं वापरा, असं बरेच जण सुचवतात. मी वापरत नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं, तेही प्रामुख्याने इंग्रजीसाठी होतं. मराठीत तर साध्या, नेटक्या गद्याच्या नव्या लेखकावर उगाच शिक्का बसेल. मी फोन करतो. कथा आवडली की लेखकाला विचारतो, हे पात्र कुठून आलं, मधला प्रसंग आधी वेगळा होता का. ज्याने लिहिलंय तो बोलायला लागला की थांबत नाही, काय काय काढून टाकलं तेही सांगतो. एकीने काढून टाकलेला प्रसंग सांगितला, तो इतका चांगला होता की परत घालायला लावला. अंकात येतेय ती कथा.

---

सायंप्रकाश

मी पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस आहे. डोळ्यांच्या पडद्याच्या आजाराने वाचन जवळजवळ गेलं. हा धागाही फोनने मला वाचून दाखवला. मी बोलतो, फोन लिहितो, एआय विरामचिन्हं घालतो आणि मला परत वाचून दाखवतो. मग मी सांगतो, "तिसऱ्या परिच्छेदातलं दुसरं वाक्य काढ." तो काढतो. कधी जास्तीचं काही घालतो, तेव्हा रागावून काढायला लावतो. याच्या आधी नातीच्या सवडीने लिहायचो, आता पहाटे चारलाही लिहू शकतो. दोन वर्षं बंद पडलेलं माझं लेखन या साधनामुळे सुरू झालं.

तुमच्या कट्ट्यावर "एआय वापरलं" अशी चिठ्ठी लावायचं ठरलं, तर माझ्या आठवणींवरही ती लागेल का? ऐकणारा माणूस ती ओळ ऐकूनच कान मिटून घेईल. पूर्वी लेखनिकाला सांगून लिहून घेणारे लेखक होतेच, त्यांचं लेखन त्यांचंच मानलं गेलं. माझी शब्दयोजना माझी आहे. नियम करताना माझ्यासारख्यांचा विचार व्हावा, ही विनंती.

---

काळा कोट

कायद्याचं थोडक्यात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम २(ड)(६) आलं. संगणकनिर्मित साहित्यकृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवून घेणारी व्यक्ती, असं ते म्हणतं. तेव्हा आजचं एआय कुणाच्या मनातही नव्हतं, त्यामुळे ते इथे कसं लागू होईल हे न्यायालयांना ठरवावं लागेल. अमेरिकेत भूमिका कडक आहे. तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये एका चित्रकथेतल्या मजकुराला आणि मांडणीला संरक्षण दिलं, एआयने काढलेल्या चित्रांना नाकारलं.

आपलं लेखन शिकवायला वापरलं जातं त्याचं काय, हा दुसरा प्रश्न. एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात नोव्हेंबर २०२४ मध्ये दावा दाखल केला. अमेरिकेत सप्टेंबर २०२५ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने लेखकांशी दीड अब्ज डॉलरची तडजोड केली, पुस्तकामागे सुमारे ३००० डॉलर. तिथे वाद होता तो चोरट्या संग्रहांतून उतरवलेल्या पुस्तकांचा.

मराठी लेखकांना माझा सल्ला : प्रकाशकाशी करार करताना "सर्व डिजिटल हक्क" एवढंच मोघम लिहिलेलं असेल तर सही करू नका. एआयच्या प्रशिक्षणासाठी मजकूर द्यायचा की नाही, यावर वेगळं वाक्य मागा. आणि अप्रकाशित हस्तलिखित कुठल्याही सेवेत टाकण्याआधी त्यांच्या अटींत तुमचा मजकूर प्रशिक्षणाला वापरतात का ते बघा. बऱ्याच ठिकाणी सेटिंगमध्ये ते बंद करता येतं.

---

गाववेस

काळा कोट, सेटिंगचं हे माहीत नव्हतं, आजच बघतो. आईच्या बोलण्याचा प्रश्न आहे.

---

पिंपळपान

सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, काल कट्ट्यावर हा धागा पूर्ण वाचून दाखवला.

सायंप्रकाश काका, तुमचा प्रतिसाद वाचल्यावर बराच वेळ चर्चा झाली. ठरलं ते असं. एआय वापरलं की नाही हे आम्ही विचारणार नाही. वाचन झाल्यावर लेखकाने एवढंच सांगायचं, की यातली कुठली वाक्यं त्याची स्वतःची नाहीत. सांगून लिहून घेणं, वाचून घेणं, विरामचिन्हं, आवाजावरून उतरवणं, यांतलं काहीच त्यात येत नाही. तुमच्या आठवणी तुमच्याच आहेत. जमेल तेव्हा फोनवरून तरी ऐकवा, आम्ही स्पीकरवर लावू.

आणि पहिला खर्डा कट्ट्यावर आणायचा तो एआयकडे न देता आणायचा. यावर एकमत झालं नाही. दोघांचं म्हणणं हिंजवडीकरांसारखंच आहे आणि ते आपल्या पद्धतीने लिहिणार आहेत. मी आग्रह सोडलेला नाही. त्यांच्या आणि आमच्या कथा दिवाळीपर्यंत ऐकत राहू, मग पुन्हा बोलू.

गाववेस, त्या वहीबद्दल पुढच्या रविवारी बोलाल का? आमच्याकडे एक मुलगी सटाण्याची आहे, अहिराणीत लिहायला घाबरते. तिने तुम्हाला ऐकावं असं फार वाटतं.

---

गाववेस

येतो. आईचं रेकॉर्डिंगही आणतो.

---

दुसरी घंटा

ताई, मीही येऊ का? बाप-मुलाचा तो प्रवेश नव्याने लिहिलाय. तीन पानं आहेत, दोघांच्या आवाजात वाचू.